महाकाय शिंपल्यांचे डिंभ आणि त्यांचा समुद्रातील प्रवास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाकाय शिंपल्यांविषयी वाचकांकडून सातत्याने येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. त्यांतील बहुतेक प्रश्न डिंभांविषयीचे आहेत. अंड्यातून बाहेर पडलेल्या, प्रौढाशी काहीही साम्य नसलेल्या पोहत्या पिलाला येथे सर्वत्र डिंभ म्हटले आहे. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखाद्या मुद्द्याचा विस्तार दुसरीकडे केला असेल, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. महाकाय शिंपले जागचे हलत नाहीत. मग ते एका प्रवाळभित्तीवरून दुसरीवर पोहोचतात कसे?

ते डिंभावस्थेत पोहोचतात आणि तेवढी एकच संधी त्यांना मिळते. ट्रायडॅक्ना आणि हिप्पोपस या दोन प्रजातींत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटांत) महाकाय शिंपल्यांच्या सुमारे डझनभर जाती मोडतात. त्यांपैकी ट्रायडॅक्ना गिगास सर्वांत मोठी असून तिचे शिंपले सव्वा मीटरहून अधिक लांब आणि दोनशे किलोहून अधिक वजनाचे होऊ शकतात. असा प्राणी अनेक दशके एकाच ठिकाणी पडून असतो. मात्र आयुष्याच्या पहिल्या आठवडा-दीड आठवड्यात तो मिलिमीटरच्या एक-पंचमांशाएवढा किंवा त्याहूनही लहान असतो आणि उघड्या पाण्यात वावरत असतो. ट्रायडॅक्ना मॅक्सिमा ही जाती आज पूर्व आफ्रिका आणि तांबड्या समुद्रापासून पॉलिनेशियापर्यंत आढळते. हा सगळा विस्तार पिढ्यानुपिढ्या या थोड्याशा दिवसांच्या प्रवासांतूनच झालेला आहे.

२. अंडी आणि शुक्राणू पाण्यात कसे सोडले जातात?

महाकाय शिंपले उभयलिंगी असतात. वयात येताना ते आधी नर म्हणून कार्यक्षम होतात आणि काही वर्षांनी त्यांच्यात अंडीही तयार होऊ लागतात. प्रजननाच्या वेळी शिंपला आपल्या दोन्ही झडपा (कवचाचे दोन भाग) जोराने आवळतो आणि बहिर्वाही नलिकेतून शुक्राणूंचा दुधाळ लोट बाहेर फेकतो. असे अनेक झटके येऊन गेल्यानंतर, मध्ये काही वेळ जाऊ देऊन, तो अंडी सोडतो. अंड्यांसोबत पाण्यात उतरणारे रासायनिक द्रव्य शेजारच्या शिंपल्यांपर्यंत पोहोचले की तेही शुक्राणू सोडू लागतात आणि थोड्याच वेळात परिसरातील अनेक शिंपले या क्रियेत सामील होतात. ट्रायडॅक्ना गिगासचा मोठा शिंपला एका वेळी ५० कोटींपर्यंत अंडी सोडू शकतो. प्रत्येक अंडे जेमतेम एक-दशांश मिलिमीटर व्यासाचे असते.

हंगाम जातीनुसार आणि स्थळानुसार बदलतो. ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरिअर रीफ या प्रवाळभित्तीवर प्रजनन प्रामुख्याने दक्षिण गोलार्धाच्या उन्हाळ्यात होते. तांबड्या समुद्रातील ट्रायडॅक्ना स्क्वामोसिना या दुर्मीळ जातीचा प्रजननकाळ वसंतात आणि अगदी थोडा असतो. त्याच सुमारास तिथे प्लवकांचा (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचा) बहर येत असल्याने पिलांना खाद्य मिळण्याची शक्यता वाढते.

३. आसपास दुसरा शिंपला नसेल, तर एकटा शिंपला पिले निर्माण करू शकतो का?

तत्त्वतः करू शकतो. स्वतःच्याच शुक्राणूंनी स्वतःच्या अंड्यांचे फलन होणे शक्य आहे आणि संवर्धन केंद्रांत, म्हणजे शिंपल्यांची पैदास करणाऱ्या केंद्रांत, तसे घडलेही आहे. मात्र आधी शुक्राणू व नंतर अंडी, हा क्रमच मुळात स्वफलन टाळण्याच्या दिशेने विकसित झालेला दिसतो आणि अशा फलनातून निघणारी पिढी सहसा दुबळी असते. एकट्या शिंपल्यावर भिस्त ठेवून वस्ती पुन्हा उभी राहत नाही. उघड्या समुद्रात शुक्राणूंचा लोट काही मीटर अंतरातच विरळ होऊ लागतो, त्यामुळे शिंपले एकमेकांच्या जवळ असणे अत्यावश्यक ठरते. शिंपले बेसुमार काढल्यामुळे जिथे दोन प्रौढांमध्ये शेकडो मीटरचे अंतर पडले आहे, तिथे ते दोन्ही जिवंत आणि सुदृढ असूनही प्रजननाच्या दृष्टीने जवळजवळ निष्फळ असतात. माझ्या मते या संपूर्ण विषयातील ही सर्वांत महत्त्वाची आणि सर्वाधिक दुर्लक्षित राहिलेली बाब आहे.

याउलट, संवर्धन केंद्राच्या लहानशा टाकीत शुक्राणूंची फार गर्दी झाली, तर एकाच अंड्यात अनेक शुक्राणू शिरतात आणि भ्रूणाची वाढ बिघडते. म्हणून तिथे शुक्राणूंचे प्रमाण काळजीपूर्वक बेताचे ठेवावे लागते.

४. अंड्यापासून तळावर बसेपर्यंत किती दिवस लागतात आणि मधल्या अवस्था कोणत्या?

उष्णकटिबंधीय समुद्राच्या नेहमीच्या तापमानात हा काळ साधारणपणे ८ ते १२ दिवसांचा असतो. फलनानंतर पहिल्या दिवसाच्या आतच ट्रोकोफोर ही अवस्था तयार होते. ती भोवऱ्यासारखी गिरकी घेत पोहते आणि तिला कवच नसते. एक ते दीड दिवसात तिचे व्हेलिजर होते. आता तिच्यावर रोमन लिपीतील डी या अक्षराच्या आकाराच्या, काचेसारख्या पारदर्शक दोन झडपा असतात आणि त्यांच्यामधून व्हेलम हा रोमकांनी (केसांसारख्या सूक्ष्म तंतूंनी) वेढलेला पसरट अवयव बाहेर येतो. पोहणे आणि खाद्य गोळा करणे ही दोन्ही कामे व्हेलमच करतो. साधारणपणे सहाव्या-सातव्या दिवसापासून पाद, म्हणजे सरपटण्याचा मांसल अवयव, विकसित होऊ लागतो. पाद आणि व्हेलम दोन्ही असलेल्या या अवस्थेला पेडिव्हेलिजर म्हणतात. ती पोहूही शकते आणि तळावर सरपटूही शकते. त्यानंतर रूपांतरण होते. व्हेलम नाहीसा होतो, कल्ले कार्यक्षम होतात आणि सुमारे ०.२ मिलिमीटर लांबीचा बालशिंपला तयार होतो.

५. डिंभ स्वतः पोहतो, की पाणी नेईल तिकडे जातो?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. फक्त दिशा लक्षात घ्यायला हवी. शिंपल्यांच्या डिंभांचा पोहण्याचा वेग सेकंदाला जास्तीत जास्त एखाद्या मिलिमीटरच्या आसपास असतो. या वेगाने तासाला साडेतीन मीटर अंतर कापता येते, तर मंद सागरी प्रवाहही त्याच्या शंभरपट वेगाने वाहत असतो. म्हणून आडव्या दिशेने डिंभाला प्रवाहाशी झुंजणे अशक्य आहे.

उभ्या दिशेने मात्र चित्र बदलते. त्याच वेगाने डिंभ २० मीटर खोलीचे पाणी पाच-सहा तासांत पार करू शकतो. खाली जाण्यासाठी त्याला पोहण्याचीही गरज नसते. व्हेलम आत ओढून झडपा मिटल्या की तो आपल्याच वजनाने बुडू लागतो. पृष्ठभागाजवळचे पाणी वाऱ्याबरोबर एका दिशेने जात असते, मधले पाणी भरती-ओहोटीबरोबर मागेपुढे होत असते आणि तळालगतचा पातळ थर घर्षणामुळे जवळजवळ संथ असतो. आपण कोणत्या थरात राहायचे हे ठरवू शकणारा जीव आपण कुठे पोहोचणार, यावरही काही प्रमाणात नियंत्रण ठेवतो. डिंभाला निव्वळ निष्क्रिय कण समजणारी संगणकीय प्रतिमाने (मॉडेल) म्हणूनच अपुरी पडतात.

वयानुसार ही वागणूक बदलत जाते. अंडी पाण्यापेक्षा किंचित जड असल्याने हळूहळू खाली बसतात. ट्रोकोफोर आणि कोवळे व्हेलिजर वरच्या दिशेने पोहण्याकडे झुकतात. संवर्धन केंद्रातील टाकीत सुदृढ डिंभ पृष्ठभागाजवळ जमतात आणि दुबळे किंवा मेलेले तळाशी साचतात, त्यामुळे वरचे पाणी नळीने ओढून घेतले की चांगले डिंभ आपोआप वेगळे होतात. पेडिव्हेलिजर अवस्थेत कल पालटतो आणि डिंभ अधिकाधिक वेळ तळाजवळ घालवू लागतो.

६. मग एक डिंभ जास्तीत जास्त किती दूर जाऊ शकतो?

साधा हिशेब करून पाहता येईल. प्रवाह सेकंदाला १० सेंटिमीटर वेगाने सतत एकाच दिशेने वाहत असेल, तर दिवसाला साडेआठ किलोमीटरहून थोडे अधिक आणि नऊ दिवसांत सुमारे ७८ किलोमीटर अंतर होते. सेकंदाला ५० सेंटिमीटर वेगाच्या जोरदार प्रवाहात हेच अंतर ३९० किलोमीटरच्या घरात जाते.

हे आकडे कमाल मर्यादा दाखवतात. त्यांना नेहमीचे अंतर समजणे चुकीचे ठरेल. प्रवाळभित्तीच्या आसपासचे पाणी सरळ रेषेत वाहत नाही. भरतीबरोबर ते आत येते, ओहोटीबरोबर बाहेर जाते, बेटांच्या आडोशाला भोवरे तयार होतात आणि त्यांत अडकलेले पाणी कित्येक दिवस तिथेच घुटमळते. त्यामुळे तळावर यशस्वीपणे बसणाऱ्या डिंभांपैकी बराच मोठा वाटा जन्मस्थळापासून काही किलोमीटर ते काही डझन किलोमीटरच्या परिघातच स्थिरावतो, असे धरून चालणे शहाणपणाचे आहे. लांबचे प्रवास घडतात, पण ते क्वचित घडतात. त्यांचे खरे महत्त्व प्रश्न १३ मध्ये पाहा.

७. या दिवसांत डिंभ काय खातो?

सुरुवातीचा दीड-दोन दिवस तो अंड्यातील पीतकावर (साठवलेल्या अन्नावर) निभावतो. व्हेलिजर झाल्यावर तो काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) आकाराची एकपेशीय शैवले गाळून खातो आणि पाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थही काही प्रमाणात शोषून घेऊ शकतो. संवर्धन केंद्रांत त्याला आयसोक्रायसिससारखी सूक्ष्म शैवले देतात, मात्र बेतानेच, कारण न खाल्लेले शैवल कुजले की जिवाणू वाढतात आणि अख्खी टाकी एका रात्रीत हातची जाते.

८. प्रौढ शिंपल्याच्या अंगातील रंगीत शैवले डिंभाला जन्मतःच मिळतात का?

नाही. प्रौढ महाकाय शिंपल्याच्या प्रावारात (झडपांच्या आतील मांसल आवरणात) झूझँथेली ही सहजीवी शैवले असतात आणि शिंपल्याच्या अन्नाचा मोठा भाग त्यांच्या प्रकाशसंश्लेषणातून येतो. अंड्यात मात्र ही शैवले नसतात. प्रत्येक पिढीला ती समुद्राच्या पाण्यातून नव्याने मिळवावी लागतात.

व्हेलिजर ही शैवले इतर खाद्याप्रमाणेच गिळतो. सूक्ष्मदर्शकाखाली पारदर्शक झडपांमधून त्याच्या जठरात फिरणाऱ्या तपकिरी गोल पेशी स्पष्ट दिसतात. त्यांपैकी काही पचतात, काही तशाच बाहेर पडतात आणि काही टिकून राहतात. रूपांतरणानंतर जठरापासून अतिशय बारीक नलिका प्रावाराच्या दिशेने वाढतात आणि टिकलेल्या पेशी त्यांच्यात शिरून रांगेने पुढे सरकतात. ही तपकिरी रांग प्रावारात दिसू लागली की सहजीवन प्रस्थापित झाले, असे संवर्धन केंद्रातील लोक मानतात. शैवले न मिळालेले बालशिंपले काही काळ जगतात, पण त्यांची वाढ खुंटते.

प्रसाराशी याचा थेट संबंध आहे. प्रौढ शिंपल्यांच्या विष्ठेतून जिवंत झूझँथेली बाहेर पडतात आणि त्या पिलांमध्ये पुन्हा सहजीवन सुरू करू शकतात. म्हणजे प्रौढांच्या शेजारी उतरलेल्या पिलाला तिथे योग्य शैवलांचा पुरवठाही आयता मिळण्याची शक्यता असते.

९. डिंभ बसण्याची जागा कशी निवडतो?

पेडिव्हेलिजर तळावर उतरतो, पाद बाहेर काढून पृष्ठभाग चाचपतो, थोडे अंतर सरपटतो आणि जागा न रुचल्यास व्हेलम पसरून पुन्हा पाण्यात उठतो. हा क्रम अनेकदा होतो. गुळगुळीत पृष्ठभागापेक्षा खडबडीत, भेगा-खळगे असलेला पृष्ठभाग त्याला अधिक मानवतो, कारण तेवढ्याशा खळग्यातही पाण्याच्या ओढीपासून आणि भक्षकांपासून आडोसा मिळतो. प्रवाळखडकांवर चुनखडीचा गुलाबी थर चढवणारी कोरलाइन लाल शैवले ज्या पृष्ठभागावर असतात, तिथे डिंभ अधिक संख्येने बसतात. स्वजातीय शिंपल्यांकडून पाण्यात येणारे रासायनिक संकेतही त्यांना ओळखता येतात, असे प्रयोगांतून दिसले आहे. महाकाय शिंपले निसर्गात अनेकदा घोळक्याने आढळतात, त्यामागे हे एक कारण असावे. जवळजवळ असलेल्या शिंपल्यांचेच फलन यशस्वी होते हे लक्षात घेता (प्रश्न ३) या सवयीचा फायदा उघड आहे.

१०. योग्य जागा मिळालीच नाही, तर काय होते?

डिंभ रूपांतरण काही दिवस लांबणीवर टाकू शकतो. त्यामुळे त्याची पोहोच वाढते, पण त्याची किंमतही मोजावी लागते. साठवलेली ऊर्जा संपत जाते, भक्षकांच्या तोंडी पडण्याचा काळ वाढतो आणि शेवटी डिंभ चोखंदळपणा सोडून मिळेल तिथे बसतो. मऊ गाळावर किंवा सूर्यप्रकाश न पोहोचणाऱ्या खोलीवर बसलेला बालशिंपला फार काळ तग धरू शकत नाही, कारण त्याच्या सहजीवी शैवलांना प्रकाश हवा असतो.

११. एकदा बसल्यावर जागा बदलता येते का?

लहानपणी येते. बालशिंपला बायसस नावाच्या चिवट धाग्यांनी खडकाला चिकटतो, पण हे धागे सोडून, पादाच्या साहाय्याने सरकून, तो नव्या जागी पुन्हा चिकटू शकतो. ही हालचाल सेंटिमीटरांत मोजण्याजोगी असते आणि तिचा उपयोग आडोसा शोधण्यासाठी किंवा सोबत्यांच्या जवळ जाण्यासाठी होतो. पुढे जातीनुसार वाटा वेगळ्या होतात. ट्रायडॅक्ना क्रोसिया खडकात खोल रुतून बसतो, तर ट्रायडॅक्ना गिगास मोठेपणी बायसस गमावतो आणि निव्वळ वजनाच्या जोरावर तळावर स्थिर राहतो.

१२. सागरी प्रवाहांचा नकाशा पाहून डिंभ कुठून कुठे जातात हे सांगता येईल का?

सरसकट सांगता येत नाही आणि याचे उत्तम उदाहरण पॅसिफिकमध्येच आहे. ट्रायडॅक्ना मॅक्सिमाच्या पश्चिम पॅसिफिकमधील वस्त्यांची आनुवंशिक तुलना १९९७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात वस्त्यांमधील नाते आजच्या पृष्ठप्रवाहांच्या दिशेशी जुळत नसल्याचे आढळले. आनुवंशिक साम्य ज्या दिशांनी दिसले, त्या दिशांनी आजचे प्रमुख प्रवाह वाहत नाहीत. समुद्रपातळी खाली असलेल्या भूतकाळात प्रवाहांच्या वाटा वेगळ्या होत्या आणि आजच्या वस्त्यांच्या जनुकांत त्या जुन्या वाटांची नोंद उरलेली असू शकते. त्याखेरीज डिंभ ज्या थरात वावरतो तो थर, त्या ठरावीक हंगामातील वारे आणि किनाऱ्यालगतचे लहान भोवरे मोठ्या नकाशात दिसतच नाहीत.

इंडोनेशियाच्या परिसरातील ट्रायडॅक्ना क्रोसियाचा अभ्यास दुसरी बाजू दाखवतो. तिथे मध्य भागातील समुद्रांमधील वस्त्या एकमेकींच्या जवळच्या आहेत, पण न्यू गिनीच्या उत्तरेकडील चेंडरावासिह उपसागरातील शिंपले स्पष्टपणे वेगळे आहेत. अंतर फारसे नसतानाही डिंभांची देवाणघेवाण तिथे दीर्घकाळ अतिशय कमी राहिलेली आहे.

१३. डीएनएवरून दोन बेटांवरचे शिंपले एकाच कुळातले ठरले. मग एका बेटावरचे संपले, तर दुसऱ्यावरून येणारे डिंभ ती जागा भरून काढतील ना?

असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे आणि दुर्दैवाने तो फार सहजपणे काढला जातो. दोन वस्त्या आनुवंशिकदृष्ट्या सारख्या राहण्यासाठी प्रत्येक पिढीत इकडून तिकडे पोहोचून प्रजनन करणारे मोजके जीव पुरतात. महाकाय शिंपल्याची पिढी काही वर्षांची किंवा त्याहून मोठी असते. म्हणजे पाच-दहा वर्षांत एखाद-दुसरा पाहुणा आला, तरी डीएनए अहवाल या वस्त्या जोडलेल्या असल्याचे सांगेल. उजाड झालेली भित्ती पुन्हा भरायची असेल, तर दरवर्षी शेकडो-हजारो पिले तिथे उतरून जगली पाहिजेत. या दोन जोडण्यांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे.

फिजीमध्ये ट्रायडॅक्ना गिगास स्थानिकरीत्या नामशेष झाला. पॅसिफिकमध्ये इतरत्र ही जाती शिल्लक असूनही ती तिथे आपणहून परतली नाही. माणसांनीच बाहेरून शिंपले आणून तिची पुनर्स्थापना सुरू केली.

१४. चारही बाजूंनी बंद असलेल्या कंकणद्वीपाच्या (कड्यासारख्या प्रवाळबेटाच्या) आत डिंभांचे काय होते?

हा नियमाला अपवाद ठरणारा सुंदर प्रकार आहे. फ्रेंच पॉलिनेशियातील तुआमोतू द्वीपसमूहात रेआओ, फांगाताऊ आणि ताताकोतो या कंकणद्वीपांच्या अंतर्गत जलाशयांचा बाह्य समुद्राशी संपर्क फार कमी आहे. तिथे जन्मलेले डिंभ बहुतांशी आतच राहतात. परिणामी काही जागी ट्रायडॅक्ना मॅक्सिमाची दाटी इतकी होते, की एका चौरस मीटरमध्ये शेकडो शिंपले मोजले गेले आहेत. पाण्यात संग्राहक टांगून त्यांच्यावर आपोआप बसणारी पिले गोळा करण्याचा व्यवसायही या द्वीपांवर उभा राहिला. उघड्या समुद्रात असे संग्राहक बहुधा रिकामेच राहतील.

बंदिस्तपणाची दुसरी बाजूही याच ठिकाणी दिसली. २००९ साली ताताकोतो येथे असामान्य हवामानामुळे जलाशयाचे पाणी पुरेसे बदलले नाही आणि तिथले बहुसंख्य शिंपले मेले. डिंभ बाहेर जात नाहीत, तसेच अशा आपत्तीनंतर बाहेरून येतही नाहीत. वस्ती सावरायची असेल, तर ती वाचलेल्या शिंपल्यांच्याच बळावर.

१५. कोट्यवधी अंड्यांपैकी जगतात किती?

अत्यल्प. देखरेखीखालील संवर्धनातही फलित अंड्यांपैकी बालशिंपल्यांपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण अनेकदा एक टक्क्याहून कमी असते. समुद्रात प्लवकभक्षी मासे, प्रवाळांचे पॉलिप आणि इतर गाळणभक्षी प्राणी डिंभांना टिपतात. बसल्यानंतर खेकडे आणि शिकारी गोगलगायी वाट पाहत असतात. मोठ्या शिंपल्याला संपूर्ण आयुष्यात स्वतःची जागा घेणारे एखाद-दुसरे अपत्य मिळाले, तरी वस्ती टिकते.

१६. समुद्र तापल्यामुळे डिंभांच्या प्रवासावर काय परिणाम होईल?

पाणी उबदार झाले की विकासाचा वेग वाढतो आणि डिंभावस्था आखूड होते. भक्षकांच्या तावडीतील दिवस कमी होतात, पण प्रवासाचे अंतरही घटते, त्यामुळे दूरच्या भित्तींमधील मुळातच विरळ असलेली देवाणघेवाण आणखी विरळ होण्याची भीती आहे. तापमान सहनशक्तीपलीकडे गेले, तर भ्रूणांत विकृती वाढतात आणि मृत्यूचे प्रमाणही वाढते. डिंभाच्या झडपा कॅल्शियम कार्बोनेटच्या असल्याने पाण्याची वाढती आम्लताही त्यांना त्रासदायक ठरू शकते. त्याशिवाय उष्णतेमुळे प्रौढांचे विरंजन झाले, म्हणजे त्यांनी सहजीवी शैवले गमावली, तर अंडी तयार करण्यासाठी लागणारी ऊर्जाच कमी पडते.

१७. डिंभ इतका लहान असतो, मग समुद्रात त्याचा माग कसा काढतात?

एकेका डिंभाचा पाठलाग करता येत नाही. प्लवकजाळीत सापडलेले निरनिराळ्या शिंपल्यांचे व्हेलिजर दिसायला जवळजवळ सारखे असल्याने जाती ओळखण्यासाठीही डीएनए तपासावा लागतो. म्हणून अप्रत्यक्ष मार्गांची सांगड घालतात : वस्त्यांची आनुवंशिक तुलना, प्रवाह आणि डिंभांची वागणूक एकत्र घेणारी संगणकीय प्रतिमाने, आणि नव्याने बसलेल्या पिलांची प्रत्यक्ष मोजणी. प्रतिमानात उभ्या हालचालीची (प्रश्न ५) आणि रूपांतरणास तयार होण्याच्या वयाची माहिती किती विश्वासार्ह आहे, यावर उत्तराचा दर्जा ठरतो.

१८. संवर्धन केंद्रात तयार केलेले कोट्यवधी डिंभ थेट उजाड भित्तीवर सोडले तर काम स्वस्तात होणार नाही का?

कल्पना मोहक आहे, पण सोडलेले डिंभ रूपांतरणाच्या वयाचे नसतील, तर ते बसण्याआधीच प्रवाहाबरोबर निघून जातील. योग्य वयाचे असले, तरी बसल्यावर त्यांची गत प्रश्न १५ मध्ये सांगितल्याप्रमाणेच होईल. १९७०-८० च्या दशकांत पलाऊमध्ये आणि त्यानंतर ऑस्ट्रेलिया, सॉलोमन बेटे आणि फिलिपिन्समध्ये महाकाय शिंपल्यांच्या संवर्धनाची तंत्रे विकसित झाली. त्या अनुभवातून रुळलेली पद्धत अशी, की पिलांना आधी जमिनीवरील टाक्यांत आणि नंतर समुद्रातील झाकणबंद पिंजऱ्यांत वाढवावे आणि भक्षकांना सहजासहजी फोडता येणार नाहीत एवढे मोठे झाल्यावरच भित्तीवर ठेवावे. फिलिपिन्समध्ये बोलिनाओ येथील सागरी प्रयोगशाळेने सॉलोमन बेटांवरून आणलेल्या पिलांपासून ट्रायडॅक्ना गिगासची वस्ती अशाच मार्गाने पुन्हा उभी केली.

भित्तीवर ठेवताना दोन पथ्ये पाळावीत. शिंपले विखरून ठेवू नयेत. मोठे झाल्यावर ते एकमेकांच्या अंड्यांचे फलन करू शकतील, अशा बेताने ते गटाने ठेवावेत. तसेच सर्व पिले मोजक्याच जनकांची असू नयेत, कारण एकाच प्रजननातून लाखो भावंडे मिळवणे सोपे असले, तरी अशा वस्तीतील आनुवंशिक विविधता फार तोकडी राहते. गटाची जागा ठरवताना त्या परिसरात पाणी किती काळ रेंगाळते, हे भरती-ओहोटीच्या दोन्ही वेळी पाहून घ्यावे, कारण तिथे पुढे जन्मणाऱ्या डिंभांपैकी किती जवळच बसतील आणि किती बाहेर जातील, हे बऱ्याच अंशी त्यावरच ठरणार असते.